पुण्यात थेरपिस्ट शोधताना: कुठे जायचं, काय विचारायचं, कधी बदलायचं

तुम्ही लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, आयटीत नोकरी, मूळ गाव लातूरकडे, आता वाकडला फ्लॅट. गेले सात-आठ महिने चिडचिड वाढली आहे, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडू येतं. मागच्या महिन्यात सहा वर्षांच्या मुलीवर हात उगारला गेला आणि तेव्हापासून स्वतःचीच भीती वाटते. बायकोच्या आग्रहाने एका थेरपिस्टकडे दोनदा गेलात. 'पॉझिटिव्ह राहा, डायरी लिहा' एवढं ऐकून आलात, तीन हजार गेले. इंटरनेटवर नावांचा ढीग आहे, कुणाकडे जावं कळत नाही. गोळ्या नकोत. आणि ऑफिसात कळायला नको.

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. असा प्रश्न घेऊन येणारे पुरुष हल्ली वाढलेत आणि बऱ्याच जणांचा पहिला अनुभव तुमच्यासारखाच फसलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: 'पुण्यातला बेस्ट थेरपिस्ट' असा कुणी नसतो. डिग्री आणि नोंदणी पाहून नको ती माणसं वगळता येतात, तेवढंच. उरलेल्यांतून आपल्याला चालेल असं कोण, हे पहिल्या दोन-तीन भेटींत कळतं, तेही तुम्ही तोंड उघडून विचारलंत तर. डॉक्टरला प्रश्न विचारणं आपल्याकडे आगाऊपणा समजतात. इथे तो आगाऊपणा करावाच लागतो.

पण त्याआधी, तुम्ही जे लिहिलेलं नाही ते विचारते. 'मी नसलेलोच बरा', 'झोपावं आणि उठूच नये' असं मनात येतं का? हे विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. येत असेल तर थेरपिस्ट निवडायचं काम बाजूला ठेवा. बायकोला आजच सांगा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. रात्रीची वेळ असेल तर थेट कॅज्युअल्टीत जा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पुण्यातली कनेक्टिंग ही संस्थाही अशा मनःस्थितीतल्या माणसाचं फोनवर ऐकून घेण्याचं काम करते. कायद्याची धास्ती असेल तर तीही सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. नुसता विचार येतो म्हणून डॉक्टरला सांगितल्याने पोलीस दारात येत नाहीत.

आता शरीराकडे. फॅमिली डॉक्टरकडे जा आणि थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर एवढं तपासून घ्या. थायरॉइड बिघडला की चिडचिड, थकवा, उदासी सगळं त्याच चेहऱ्याने येतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवलाचं नाही. घोरता का, हे बायकोला विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर रात्र वाया जाते आणि दिवसाचा पारा चढलेला राहतो. आणि दारू. 'फक्त वीकेंडला' म्हणजे शनिवारी दोन पेग की शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत, हे स्वतःशी तरी खरं सांगा. दारूने झोप लवकर लागते आणि पहाटे मोडते. दारू हाच मुख्य प्रश्न निघाला तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून नेमकं तेच काम करत आलं आहे, तिथे आधी जावं. जो थेरपिस्ट पहिल्या एक-दोन भेटींत झोप, दारू, औषधं, जुने आजार यांची चौकशीच करत नाही, त्याच्याबद्दल मी जरा साशंक असते.

मग गोळ्यांचा प्रश्न. 'गोळ्या नकोत' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की त्यामागे काय काय असतं तेही पाठ झालंय: सवय लागेल, गुंगी येईल, लोक वेडा म्हणतील, एकदा सुरू झाल्या की जन्मभर. यातली सवयीची भीती निराधार नाही, फक्त ती चुकीच्या गोळीला चिकटली आहे. झोपेसाठी किंवा धडधड थांबावी म्हणून दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते. त्या मोजक्या दिवसांसाठी आणि डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायच्या. गंमत म्हणजे लोक डिप्रेशनच्या गोळीला घाबरतात आणि शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी बिनदिक्कत घेतात. डिप्रेशनवरची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता होऊ शकते, आणि बरं वाटायला लागल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागतात. लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो, हे पुरुषांना बरेचदा कुणी आधी सांगत नाही आणि मग ते कुणाला न विचारता औषध सोडून देतात. तसं झालं तर डॉक्टरला सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. अचानक बंद करू नका, चक्कर आणि चिडचिड उलटते.

तुमच्या बाबतीत मी एकदा तरी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा असंच म्हणेन. रोज पहाटे ठरावीक वेळी जाग येणं, विनाकारण रडू येणं आणि हे सात-आठ महिने चालणं ही डिप्रेशनची लक्षणं असू शकतात. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा उदास चेहऱ्याऐवजी चिडचिडीतून बाहेर पडतं, म्हणून घरच्यांना ते 'स्वभाव बदलला' असं वाटतं. इथून निदान करणं योग्य नाही आणि मी ते करत नाही. पण तपासून घ्यायला काय हरकत आहे? डॉक्टरकडे जाणं म्हणजे गोळी सुरू करणं नव्हे. सौम्य त्रासात नुसती थेरपी पुरते. मध्यम आणि तीव्र त्रासात दोन्ही मिळून जास्त चांगलं काम होतं. ज्याला तीनच्या पुढे झोपच नाही, त्याला मी आठवड्यातून एक तास कितीही छान बोलले तरी त्याच्या हाती फार लागत नाही.

आता पाट्यांवरची नावं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट: एमबीबीएसनंतर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम., महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, औषध लिहिण्याचा अधिकार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रातल्या एम.ए.नंतर रुग्णालयात प्रशिक्षण घेऊन एम.फिल. किंवा त्या तोडीची पदवी केलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला माणूस. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते, तिची नोंदवही ऑनलाइन पाहता येते, आणि नोंदणी क्रमांक विचारला तर कुणी वाईट वाटून घेऊ नये. औषध लिहायचा अधिकार आम्हाला नाही. कुणी सायकॉलॉजिस्ट गोळी लिहून देत असेल किंवा डॉक्टरने दिलेली बंद करायला सांगत असेल तर तिथून उठा.

तिसरा गट सर्वांत मोठा: एम.ए. केलेले समुपदेशक, थेरपिस्ट, काउन्सेलर. गोंधळ आहे तो इथे. यांत उत्तम माणसं आहेत, माझ्या ओळखीचे काही समुपदेशक माझ्यापेक्षा चांगले ऐकतात. पण 'काउन्सेलर' ही पाटी लावायला आजवर कुणाची परवानगी लागत नव्हती. समुपदेशकांनाही नियमनाखाली आणणारा कायदा २०२१ साली झाला, मात्र पाटी बघून भरवसा ठेवावा असे दिवस अजून आलेले नाहीत. म्हणून एम.ए. पूर्ण वेळ केलंय की ऑनलाइन सहा आठवड्यांचा कोर्स, त्यानंतर कुणाच्या हाताखाली शिकलात, आजही कुणा वरिष्ठाशी केसवर चर्चा करता का, हे विचारायचं. सुपरव्हिजन हा आमच्यातला रोजचा शब्द आहे. तो ऐकून जो गोंधळतो, त्याच्याकडे जाऊ नका. लाइफ कोच, हीलर, पूर्वजन्म दाखवणारे, अवचेतन मन 'रीप्रोग्राम' करणारे हे सगळे या विषयाच्या बाहेरचे आहेत, त्यांच्यावर शब्द घालवत नाही.

पुण्यात जायचं कुठे? पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी ससूनची मानसोपचार ओपीडी आहे; केसपेपरच्या किरकोळ पैशांत डॉक्टर भेटतो. गर्दी असते, पाच मिनिटांत उरकल्यासारखं वाटतं, पण निदान आणि औषधासाठी जागा भक्कम आहे. ससूनच्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट घडतात. वरिष्ठांच्या देखरेखीखालचा शिकाऊ थेरपिस्ट मिळाला तर नाक मुरडू नका, तो तुमच्या केसवर घरी जाऊन वाचतो. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव ऐकूनच लोक बिचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि दाखवून घरी येता येतं. सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे. तिचं नाव बुद्धिमत्तेच्या चाचण्यांमुळे झालं असलं तरी समुपदेशनही होतं. ठाण्याच्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं कामही पुण्यात आहे. बाकी मोठ्या खासगी रुग्णालयांत डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट एकाच मजल्यावर बसतात, तुमच्यासारख्या केसमध्ये ते सोयीचं पडतं, कारण दोघे एकमेकांशी बोलतात.

खासगीत एका सेशनला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात, वेळ पाऊण ते एक तास. बरेच जण अडचण सांगितली तर फी कमी करतात, पण ते पाटीवर लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं, लाजू नका. हिशेब एका भेटीचा करू नका, किमान आठ-दहा भेटींचा करा. दोन महिने आठवड्याला परवडेल असा हजारवाला, एकदाच परवडेल अशा तीन हजारवाल्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचा.

आणि अंतर. ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून सदाशिव पेठेतला माणूस हडपसरला जातो आणि हडपसरचा सदाशिव पेठेत येतो, हे मी बघत आले आहे. तुम्ही वाकडहून संध्याकाळी सहाला कर्वे रोडला यायचं ठरवलंत तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळाल, आणि तो कंटाळा थेरपीच्या खात्यावर जमा होईल. औंध, बाणेर, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात बघा. ऑनलाइनही चालतं, फक्त पहिली भेट जमल्यास समोरासमोर घ्या. घरात जागा नसेल तर कित्येक जण पार्क केलेल्या गाडीत बसून सेशन घेतात; चालेल, गाडी बंद हवी आणि पुढे लगेच मीटिंग लावलेली नको. भाषेचंही तेच. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलता म्हणून थेरपीही इंग्रजीत घ्यायला हवी असं नाही. वडिलांबद्दल बोलायची वेळ आली की लातूरकडची बोली आपोआप तोंडात येईल, ती समजणारा माणूस समोर असलेला बरा.

तीन नावं काढा आणि तिघांना फोन करा. मेसेज नको, फोन. पाच मिनिटं पुरतात. असं बोला: 'नमस्कार, मी ३४ वर्षांचा आहे, काही महिन्यांपासून चिडचिड, झोप नाही, रडू येतं. अशा केसेस तुम्ही घेता का? तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का? तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता? गरज पडली तर कुठल्या डॉक्टरकडे पाठवता? फी किती, भेट रद्द केली तर काय?' उत्तरातल्या माहितीइतकंच ती देण्याची तऱ्हा ऐका. 'पद्धत' विचारल्यावर साध्या मराठीत दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. उदाहरणार्थ, 'राग येतो तेव्हा डोक्यात नेमकं काय चालतं ते आपण पकडू, त्यातल्या हट्टी अपेक्षा तपासू आणि घरी करून बघायला काही देईन.' हे म्हणणारा माणूस बहुधा सीबीटी किंवा आरईबीटी वापरतो, म्हणजे विचार तपासून भावना आणि वागणं बदलायच्या पद्धती. महाराष्ट्रात आरईबीटी बरीच रुजली आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. दुसरा कुणी म्हणेल, 'लहानपणापासूनची नाती कशी होती, त्यातलं काय आज परत घडतंय ते बघू.' तेही ठीक, ते जरा लांबचं काम आहे. 'मी सगळंच करतो, तुम्ही फक्त या' हे उत्तर मात्र मला आवडत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं हे माहीत असलं की निम्मी धाकधूक जाते. एक फॉर्म भरून घेतात. गुप्ततेचं बोलणं व्हायला हवं: तुमचं बोलणं बाहेर जात नाही, अपवाद म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली असेल, जी पॉक्सो कायद्याखाली कळवावीच लागते, किंवा न्यायालयाने मागितलं तर. हे थेरपिस्टने आपणहून सांगायचं असतं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. मग तुमची हकीकत, घर, नोकरी, घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का. मुलीवर हात उगारल्याचं पहिल्याच भेटीत सांगा, तेही सुरुवातीला. माणसं तासभर प्रोजेक्ट आणि मॅनेजरबद्दल बोलतात आणि उठताना, चप्पल घालता घालता, खरी गोष्ट सांगतात. मग पुढचा आठवडाभर ती अर्धवट लोंबकळत राहते. ती ऐकून समोरच्याचा चेहरा बदलला, उपदेश सुरू झाला, तर तो तुमचा माणूस नाही. 'कधी झालं, त्याच्या आधीचा अर्धा तास कसा गेला होता, नंतर काय केलंत' असं विचारलं, तर तो कामाला लागला आहे.

भेटीअखेर तुम्हाला मोकळं वाटेलच असं नाही. थकवा येतो, कधी घरी जाऊन आणखी उदास वाटतं. जखम उघडून बघितल्यावर तसं होतंच. पण दोन-तीन भेटींनंतर तुम्हाला सांगता आलं पाहिजे की आपण इथे कशासाठी येतो आणि काय करतो. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली मांडलेली कसोटी आम्ही आजही वापरतो: ध्येयावर दोघांचं एकमत आहे का, ते गाठायच्या कामावर एकमत आहे का, आणि दोघांत विश्वासाचं नातं जमलंय का. तुमच्या आधीच्या थेरपिस्टकडे पहिल्या दोन गोष्टींवरच सगळं फसलेलं दिसतं. डायरी लिहिणं हा उपचार वाईट नाही, मीही सांगते. पण ती कशाला, तिच्यात काय लिहायचं आणि पुढच्या भेटीत ती उघडून दोघांनी काय बघायचं, हे ठरवलं नाही तर तो नुसता गृहपाठ होतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. पटलं नाही तर सोडून जाण्याआधी ते त्यांच्या तोंडावर सांगा. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या (तपशील बदलले आहेत), शहरातल्याच एका थेरपिस्टला सोडायचं ठरवून. चार भेटी झाल्या होत्या. तक्रार होती, 'त्या सारखी माझ्या सासूचीच बाजू घेतात.' मी विचारलं, हे त्यांना बोललात का? 'छे, त्यांना काय वाटेल!' मी म्हटलं, माझ्याकडे यायचं असेल तर जरूर या, पण आधी एकदा तिथे जाऊन हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, बोलून या. त्या गेल्या, सुरुवातीलाच बोलल्या. थेरपिस्टने हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'माझ्या कुठल्या बोलण्यावरून तसं वाटलं?' पुढचा सगळा वेळ त्यावरच गेला. बाईंच्या लक्षात आलं की घरात त्यांनी कधी कुणापाशी नाराजी बोलूनच दाखवली नव्हती, ना सासूपाशी, ना नवऱ्यापाशी, सरळ अबोला. इथेही तेच करायला निघाल्या होत्या. त्या तिथेच राहिल्या आणि माझं एक गिऱ्हाईक गेलं, त्याचं मला दुःख नाही.

तुम्हीही ते बोलून बघा. 'सर, दोन भेटी झाल्या, मला उपदेश झाल्यासारखं वाटलं. मला राग आल्यावर नेमकं काय करायचं ते शिकायचंय.' समोरचा दुखावला, बचाव करू लागला, 'तुमचीच तयारी नाही' म्हणाला, तर बदला, अपराधी वाटून घेऊ नका. त्याने ऐकून पद्धत बदलली, तर तुम्हाला चांगला थेरपिस्ट सापडला असेल आणि नवीन ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगायचे कष्टही वाचले. चार ते सहा भेटींत काहीच हललं नाही, झोप, राग, काम, कशातच तसूभर फरक नाही, तर दोघांनी मिळून फेरविचार करायचा: पद्धत बदलायची, डॉक्टर जोडायचा की माणूस बदलायचा.

काही ठिकाणी मात्र बोलत बसू नका, उठून या. 'तीन सेशनमध्ये शंभर टक्के गॅरंटी'. वीस सेशनचे पैसे आगाऊ आणि परत नाहीत. दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नाव-गावासकट सांगणं. बाहेर चहाला भेटू, माझ्या स्टार्टअपमध्ये पैसे टाका. पत्रिका मागणं. आणि समलैंगिक व्यक्तीला 'नॉर्मल' करून देतो म्हणणं; २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी हा गैरवर्तनाचा प्रकार ठरवला आहे. तुमचा तो प्रश्न नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचा असू शकतो.

ऑफिसबद्दल. तुमच्या कंपनीत कर्मचारी साहाय्य योजना असेल तर काही सेशन फुकट मिळतात. साधारणपणे कंपनीला किती जणांनी सेवा घेतली एवढा आकडा जातो, नावं जात नाहीत. तरी पहिल्याच फोनवर विचारून घ्या, 'माझं नाव एचआरकडे जातं का?' ठरलेली मोफत सेशन संपल्यावर तोच थेरपिस्ट खासगीत घेतो का, हेही विचारा, नाहीतर तिसऱ्या भेटीत सूर जुळतो आणि चौथ्यात निरोप. खासगीत गेलात तर, वर सांगितलेले अपवाद सोडून, तुमच्या परवानगीशिवाय कुणाला काही सांगता येत नाही. गुप्ततेचा हक्क २०१७ च्या कायद्यातच आहे. त्याच कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झालेल्याचेच पैसे देतात, सेशनची फी स्वतःच्या खिशातूनच जाते. तुमच्या पॉलिसीत ओपीडीची तरतूद आहे का बघा.

बायकोला एखाद्या भेटीला न्या, थेरपिस्टला विचारून. तिला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. पण तिला निरोप्या करू नका. 'डॉक्टर काय म्हणाले' याचा रोज अहवाल देणं-घेणं दोघांनाही जड जातं. गावाकडे आई-वडिलांना सांगायचं की नाही, ही घाई नाही. मुलीशी बोलायला मात्र कुणाची वाट बघू नका. 'त्या दिवशी बाबा खूप ओरडला, तुझी चूक नव्हती, बाबाला राग आवरता आला नाही, तो शिकतोय.' सहा वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. राग चढायला लागला की खोलीबाहेर जायचं हे बायकोशी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे तेव्हा तिला ते पळून जाणं वाटणार नाही.

चांगल्या लोकांकडे पुण्यात दोन-तीन आठवड्यांची रांग असते. दोन ठिकाणी नाव लावा आणि जिथे आधी मिळेल तिथे जा. दुसरीकडे फोन करून रद्द करा, ती वेळ आणखी कुणाला मिळते. मधल्या दिवसांत रक्ताच्या तपासण्या उरका. रोज दोन ओळी लिहा: किती वाजता झोपलात, कधी जाग आली, राग कधी आणि कशावरून, किती प्यायलात. पहाटे तीनला जाग आली तर मोबाइल उचलू नका. अर्ध्या तासात झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, डोळे जड झाल्यावर परत या. हा कागद, रिपोर्ट, आधीच्या थेरपिस्टने काही लिहून दिलं असेल तर ते, आणि बीपी-शुगर-अॅसिडिटीसकट चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं एका फाइलमध्ये घालून पहिल्या भेटीला न्या. पुढे डॉक्टर बदलला तरी ती फाइल तुमच्याकडेच राहू द्या.